संकेतस्थळ निर्मितीतील मूलभूत भूमिका व तंत्रज्ञान : मराठी मजकूर आणि ग्रामीण वाचक यांच्या संदर्भात

सारांश

संकेतस्थळ तयार करणे हे एकट्या संगणक जाणकाराचे काम आहे, असा समज ग्रामीण भागातील संस्थांमध्ये सर्रास आढळतो. प्रत्यक्षात संकेतस्थळ हे अनेक भूमिकांच्या आणि एकावर एक रचलेल्या तंत्रज्ञानाच्या थरांच्या समन्वयातून उभे राहते. प्रस्तुत लेखात या भूमिकांचा व थरांचा परिचय करून दिला असून, मराठी मजकुराची जबाबदारी निश्चित नसल्यास काय परिणाम होतात याचे विवेचन केले आहे. उदाहरणे मुख्यतः पुणे जिल्ह्यातील विंझर परिसरातील वाचकाला समोर ठेवून घेतली आहेत.

बीजशब्द : संकेतस्थळ, युनिकोड, देवनागरी, विदागार, सर्व्हर, आशय, देखभाल.

१. प्रस्तावना

पुणे-सातारा महामार्गावरील नसरापूर येथून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर हे गाव आहे. राजगड आणि तोरणा या दोन किल्ल्यांचा हा परिसर डोंगराळ असून येथील मुख्य व्यवसाय शेती, त्यातही भातशेती, हा आहे. येथील विद्यार्थ्याला प्रवेशाची सूचना, शेतकऱ्याला सातबारा उतारा, तर किल्ला पाहण्यास येणाऱ्या पर्यटकाला वाटेची माहिती हवी असते. पूर्वी या प्रत्येक कामासाठी कोणत्या तरी कार्यालयाच्या फलकापर्यंत जावे लागे. आज यातील बरीचशी माहिती संकेतस्थळावरून मिळू शकते. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा २०१८ पासून ऑनलाइन उपलब्ध झाला, हे याचे परिचित उदाहरण होय.

मात्र माहिती संकेतस्थळावर 'आहे' आणि ती वाचकाला 'मिळते' या दोन भिन्न गोष्टी आहेत. सूचना छायाचित्राच्या रूपात टाकलेली असेल तर ती शोधात सापडत नाही. पान जड असेल तर ते दुर्बळ नेटवर्कवर उघडत नाही. आणि टंक चुकीचा असेल तर मराठीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. अशा वेळी 'साइट बरोबर चालत नाही' असे म्हटले जाते. पण दोष नेमका कोणत्या टप्प्यावरचा, हे सांगता येत नाही. ते सांगता यावे, यासाठी संकेतस्थळाच्या रचनेची किमान ओळख प्रत्येक सुशिक्षित व्यक्तीला असणे आवश्यक आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) संकेतस्थळाच्या कार्यपद्धतीचा व त्यामागील तंत्रज्ञानाचा परिचय करून देणे.
२) निर्मितीतील प्रमुख भूमिका व त्यांच्या जबाबदाऱ्या स्पष्ट करणे.
३) मराठी मजकुराच्या संगणकीय साठवणुकीचे महत्त्व विशद करणे.
४) लहान संस्थांसाठी व्यवहार्य कार्यविभागणी सुचविणे.

३. संक्षिप्त पार्श्वभूमी

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत जागतिक माहितीजालाची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आणि त्याचा जगभर प्रसार झाला. भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना इंटरनेट सेवा देण्यास प्रारंभ केला. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले. २००३ मध्ये मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. म्हणजेच मराठी भाषकांनी या माध्यमाचा स्वीकार उशिरा केला असे म्हणता येत नाही. अडचण होती ती देवनागरी लिपी संगणकावर कशी साठवावी याची. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

४. संकेतस्थळ कसे कार्य करते?

वाचक भ्रमणध्वनीवरील ब्राउझरमध्ये, म्हणजे न्याहाळकामध्ये, संकेतस्थळाचा पत्ता लिहितो. या पत्त्याला डोमेन नाव म्हणतात. संगणकांना नावे कळत नसून आकडे कळतात. म्हणून हे नाव प्रथम डीएनएस या यंत्रणेकडे जाते. ही यंत्रणा दूरध्वनीच्या नोंदवहीप्रमाणे नावासमोरचा आकडी पत्ता शोधून देते. त्या पत्त्यावर जो संगणक अहोरात्र चालू असतो त्याला सर्व्हर म्हणतात. ब्राउझर सर्व्हरकडे पानाची मागणी करतो, सर्व्हर पान पाठवितो आणि ब्राउझर ते पडद्यावर मांडतो. ही देवाणघेवाण एचटीटीपी या नियमावलीनुसार होते. तिचे सुरक्षित रूप म्हणजे एचटीटीपीएस. त्यात मजकूर कूटबद्ध होऊन प्रवास करतो, त्यामुळे तो वाटेत इतरांस वाचता येत नाही.

डोमेन नाव देवनागरीतही घेता येते. '.भारत' हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले असून मराठीतील पत्त्यांसाठीही ते उपलब्ध आहे.

५. तंत्रज्ञानाचे थर

अ) रचना : पानावरील कोणता मजकूर शीर्षक, कोणता परिच्छेद, कोणती यादी आणि कोणते चित्र, हे एचटीएमएल या खूणभाषेने सांगितले जाते. घराच्या बांधकामाशी तुलना केल्यास हा सांगाडा होय.

ब) मांडणी : अक्षरांचा आकार, रंग, ओळींतील अंतर, लहान पडद्यावर स्तंभ एकाखाली एक कसे यावेत, हे सीएसएस ठरविते. या भाषेची पहिली प्रमाणित आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठीच्या दृष्टीने ओळींतील अंतराला विशेष महत्त्व आहे. देवनागरीत वेलांट्या, मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली येतात. इंग्रजीसाठी योजलेले अंतर तसेच ठेवल्यास दोन ओळी एकमेकींस भिडतात.

क) वर्तन : बटण दाबल्यावर यादी उघडणे, अर्जात दहा अंकी क्रमांक भरला आहे की नाही ते तपासणे, अशी कामे जावास्क्रिप्ट करते. ही भाषा १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तयार केली.

ड) अंतर्गत प्रक्रिया : वरील तीन थर वाचकाच्या यंत्रावर कार्य करतात. त्यामागे सर्व्हरवर चालणारी आज्ञावली असते. पीएचपी, पायथन, जावा इत्यादी भाषा तीसाठी वापरल्या जातात. विद्यार्थ्याने आसनक्रमांक भरल्यावर त्याचाच निकाल निवडून पाठविणे हे या थराचे काम होय.

इ) विदागार : निकाल, सूचना, सदस्यांच्या नोंदी इत्यादी माहिती तक्त्यांच्या रूपात विदागारात साठविली जाते. मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएल ही मुक्त विदागारे सर्वत्र प्रचलित आहेत.

विदागाराचा उपयोग एका स्थानिक उदाहरणाने स्पष्ट होईल. वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. समजा, एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावर पन्नास पानांवर तालुक्याचे नाव हाताने लिहिले आहे. तेथे पन्नास ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल आणि काही ठिकाणे निश्चितच सुटतील. हेच नाव विदागारात एकाच जागी ठेवले असेल, तर एका दुरुस्तीने सर्व पाने बदलतात. तरीही येथे यंत्राने न सुटणारा एक प्रश्न उरतो. जुने दाखले व जुनी प्रमाणपत्रे यांवरील 'वेल्हे' हे नाव बदलता येत नाही, आणि वाचकही पुष्कळ काळ जुन्याच नावाने शोध घेणार. 'वेल्हे', 'वेल्हा' व 'राजगड' या तिन्ही शब्दांनी शोध घेणाऱ्यास तीच माहिती मिळावी, हा निर्णय आज्ञावली लिहिणाऱ्याचा नसून आशयाची जबाबदारी सांभाळणाऱ्याचा आहे.

फ) आशय व्यवस्थापन प्रणाली : खूणभाषा न शिकताही मजकूर प्रसिद्ध करता यावा यासाठी अशा प्रणाली निर्माण झाल्या. २००३ मध्ये आलेली वर्डप्रेस ही त्यांतील सर्वाधिक परिचित होय. तिच्यामुळे काम सुलभ झाले; परंतु प्रणाली व तिचे जोडभाग वेळोवेळी अद्ययावत न केल्यास संकेतस्थळ घुसखोरांना सहज बळी पडते.

६. निर्मितीतील प्रमुख भूमिका

१) स्वामित्व व नियोजन : संकेतस्थळ कोणासाठी आहे, त्यातून कोणते काम साधायचे आहे आणि त्यावर किती खर्च करता येईल, हे संस्थेनेच ठरवावे लागते. ही भूमिका बाहेरच्या व्यावसायिकाकडे सोपविता येत नाही.

२) माहितीची रचना : कोणती पाने असावीत, ती परस्परांशी कशी जोडावीत, वाचकाला हवी ती माहिती किती पायऱ्यांत मिळावी, याचा आराखडा करणारी ही भूमिका आहे. प्राचार्यांचे मनोगत पहिल्या पानावर आणि प्रवेशाची तारीख चौथ्या पायरीवर असेल, तर आराखडा संस्थेच्या सोयीने झाला, वाचकाच्या नव्हे, असे समजावे.

३) आशयलेखन व संपादन : मजकूर लिहिणे, तपासणे, शुद्धलेखन पाहणे, तारखा अद्ययावत ठेवणे ही कामे यात येतात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. परिसरातील पर्यटनविषयक पानावर हा भेद अचूक लिहिणे हे संपादकाचे काम होय.

४) दृश्य संकल्पन : रंगसंगती, अक्षरवळण, चित्रांचे स्थान यांचा विचार संकल्पक करतो. सौंदर्य हा त्याचा एक भाग असून सुवाच्यता हा मुख्य भाग आहे.

५) दर्शनी विकसन : संकल्पकाचे चित्र एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट यांच्या साह्याने चालत्या पानात उतरविणारा तो दर्शनी विकसक. व्यवहारात यास फ्रंट-एंड डेव्हलपर म्हणतात.

६) अंतर्गत विकसन व विदागार व्यवस्थापन : सर्व्हरवरील आज्ञावली, नोंदणी, परवलीचे शब्द, विदागाराची रचना ही जबाबदारी बॅक-एंड डेव्हलपरकडे असते. दोन्ही बाजू सांभाळणाऱ्यास फुल-स्टॅक डेव्हलपर अशी संज्ञा रूढ आहे.

७) सर्व्हर प्रशासन व सुरक्षा : सर्व्हर चालू ठेवणे, प्रती काढून ठेवणे, सुरक्षा प्रमाणपत्राचे नूतनीकरण करणे ही कामे न दिसणारी, परंतु अनिवार्य आहेत.

८) चाचणी : तयार झालेले पान निरनिराळ्या यंत्रांवर व ब्राउझरांवर तपासणे. ही चाचणी कार्यालयातील वेगवान जोडणीवर नव्हे, तर स्वस्त भ्रमणध्वनीवर व दुर्बळ नेटवर्कवर केली पाहिजे.

९) देखभाल : संकेतस्थळाचे उद्घाटन होते तेथून या भूमिकेचे काम सुरू होते, आणि हीच भूमिका सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

मोठ्या कंपनीत या प्रत्येक भूमिकेसाठी स्वतंत्र व्यक्ती किंवा गट असतो. लहान संस्थेत एकच व्यक्ती चार-पाच भूमिका पार पाडते. त्यात गैर काही नाही. मात्र कोणती भूमिका कोणाकडे आहे याची नोंद नसेल, तर काही भूमिका कोणाकडेच राहत नाहीत. मराठीच्या बाबतीत नेमके हेच घडले.

७. मराठी मजकुराचा प्रश्न

संगणक अक्षरे साठवीत नसून अक्षरांना दिलेले क्रमांक साठवितो. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही प्रमाण संकेतावली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारली. भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचे कार्य महत्त्वाचे आहे. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, जगातील सर्व लिप्यांना एकाच पद्धतीत सामावून घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा गट राखून ठेवण्यात आला.

तथापि सामान्य संगणकांवर युनिकोड देवनागरीची सोय होण्यास काळ जावा लागला. विंडोजच्या बाबतीत ती २००० च्या आवृत्तीपासून मिळू लागली. दरम्यानच्या काळात मराठी मजकुरासाठी एक तात्पुरती युक्ती वापरली गेली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसविलेले टंक तयार झाले. पडद्यावर 'क' दिसे. पण साठविलेला क्रमांक इंग्रजी अक्षराचा असे. प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी होती. त्यामुळे तो विशिष्ट टंक वाचकाच्या संगणकावर नसल्यास मजकुराचा अर्थहीन गुंता दिसे. वृत्तपत्रांच्या आरंभीच्या संकेतस्थळांवर 'प्रथम टंक उतरवून घ्या' अशी सूचना असे, ती याच कारणाने.

वरवर पाहता हा केवळ दिसण्याचा प्रश्न वाटतो. पण खरी हानी अधिक खोल होती. 'विंझर' हा शब्द युनिकोडमध्ये व, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, झ, र अशा पाच क्रमांकांनी, उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो. वेलांटी पडद्यावर 'व'च्या आधी दिसत असली तरी साठवणुकीत ती नंतर असते. जुन्या टंकांत सामान्यतः जसे दिसते तसे साठविले जाई, म्हणजे वेलांटी आधी. परिणामी असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, वर्णानुक्रमे लावता येत नाही, दृष्टिहीनांसाठी वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला वाचता येत नाही आणि यंत्राद्वारे त्याचे भाषांतरही होत नाही. एकोणीसशे नव्वदच्या दशकापासून अशा टंकांत लिहिला गेलेला मराठी मजकूर रूपांतर होईपर्यंत महाजालाच्या दृष्टीने मुकाच राहतो.

हा दोष कोणा एका विकसकाचा म्हणता येणार नाही. संकल्पकाने अक्षर सुंदर दिसते हे पाहिले, विकसकाने पान उघडते हे पाहिले, संपादकाने शुद्धलेखन पाहिले. मजकूर वीस वर्षांनंतरही वाचता येईल काय, हा प्रश्न विचारणे हे कोणाचेच काम नव्हते. याउलट ज्यांनी वेळीच युनिकोड स्वीकारला त्यांचा मजकूर आजही उपयोगी पडतो. मराठी विकिपीडियावरील लेख शोधात सापडतात, कारण तेथे मजकूर प्रमाणित रूपात आहे. शिवाय तेथील भूमिकाही स्पष्ट आहेत : प्रणालीची जबाबदारी विकिमीडियाच्या तंत्रज्ञांकडे, आशयाची स्वयंसेवी संपादकांकडे आणि शिस्तीची प्रचालकांकडे.

आजही काही सूक्ष्म बाबींकडे लक्ष द्यावे लागते.

अ) पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदविली पाहिजे. तशी नोंद असल्यास योग्य टंक 'ल' व 'श' यांची मराठी वळणे निवडू शकतो आणि वाचक-प्रणाली मराठी उच्चार निवडते. अनेक मराठी पानांवर भाषेची नोंद इंग्रजीच राहून जाते.

ब) 'दऱ्या' आणि 'दर्या' हे भिन्न शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ डोंगरांमधील खोलगट भाग, तर दुसऱ्याचा समुद्र. पहिल्यातील अर्धा 'र' लिहिण्यासाठी युनिकोडमध्ये वेगळ्या क्रमांकाची सोय आहे. टंकलेखन करणाऱ्यास ती ठाऊक नसल्यास राजगडाच्या दऱ्यांचा समुद्र होतो.

क) जुन्या टंकातील मजकुरापासून केलेली पीडीएफ छपाईत निर्दोष दिसते; पण त्यातील मजकूर उचलून अन्यत्र ठेवल्यास निरर्थक अक्षरे मिळतात. म्हणून मूळ मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे.

८. पानाचे वजन आणि ग्रामीण वाचक

संकेतस्थळ सर्वांना 'उपलब्ध' असण्यासाठी ते हलके असणे आवश्यक आहे. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. म्हणजे एक हजार चिन्हांची सूचना सुमारे तीन किलोबाइटमध्ये मावते. तीच सूचना कागदावर छापून, स्वाक्षरी करून, तिचे छायाचित्र टाकल्यास ते कित्येक पटींनी जड होते आणि तरीही त्यातील शब्द शोधता येत नाहीत.

छायाचित्रांबाबत एक साधा हिशेब करून पाहता येईल. भ्रमणध्वनीने काढलेले एक छायाचित्र ४ मेगाबाइटचे धरले, तर स्नेहसंमेलनाच्या वीस छायाचित्रांचे पान ८० मेगाबाइटचे होते. दोन मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीवर ते उघडण्यास पाच मिनिटांहून अधिक काळ लागेल. हीच छायाचित्रे प्रत्येकी २०० किलोबाइटपर्यंत लहान केल्यास पान ४ मेगाबाइटचे होऊन सुमारे सोळा सेकंदांत उघडते. डोंगराआड जेथे नेटवर्क क्षीण होते, तेथे हा फरक माहिती मिळणे आणि न मिळणे यांतील फरक ठरतो.

९. कायदेशीर व नैतिक जबाबदारी

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी विहित माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून अस्तित्वात आहेत. दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान दिव्यांगांना सुगम असण्याची तरतूद आहे. चित्राला पर्यायी मजकूर देणे, रंगांत पुरेसा भेद ठेवणे, माऊसशिवाय पान वापरता येणे या गोष्टी त्यामुळे ऐच्छिक सजावटीच्या राहत नाहीत. अर्जातून विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती गोळा करणाऱ्या संस्थांनी डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ चाही विचार केला पाहिजे. गुणवत्ता यादीबरोबर विद्यार्थ्यांचे भ्रमणध्वनी क्रमांक प्रसिद्ध करणे अनुचित आहे.

१०. लहान संस्थांसाठी सूचना

१) डोमेन नाव संस्थेच्याच नावे नोंदवावे, नूतनीकरणाची तारीख कार्यालयीन नोंदवहीत असावी. मुदत संपून गेलेले नाव अन्य कोणीही घेऊ शकतो.
२) परवलीचे शब्द एकाच व्यक्तीच्या स्मरणात न ठेवता संस्थेच्या ताब्यात सुरक्षित ठेवावेत. व्यक्ती बदलली तरी संकेतस्थळ चालू राहिले पाहिजे.
३) गरज नसताना विदागाराधारित गुंतागुंतीची रचना स्वीकारू नये. दहा-पंधरा पानांच्या संस्थेस साधी, स्थिर पाने पुरेशी व अधिक सुरक्षित ठरतात.
४) प्रत्येक सूचना युनिकोड मजकुराच्या रूपात द्यावी, स्वाक्षरीची प्रत हवी असल्यास सोबत जोडावी.
५) प्रत्येक पानावर अखेरच्या अद्ययावतीकरणाची तारीख द्यावी.
६) संपूर्ण संकेतस्थळाची प्रत नियमितपणे अन्यत्र जतन करावी आणि ती पुन्हा उभी करता येते का, हे अधूनमधून तपासावे.
७) विभागनिहाय एका शिक्षकाकडे आशयाची, तर एका कर्मचाऱ्याकडे देखभालीची जबाबदारी लेखी स्वरूपात सोपवावी.

या कामात विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणे शैक्षणिक दृष्ट्याही हितावह आहे. संगणकाचा विद्यार्थी आज्ञावली लिहील, मराठीचा विद्यार्थी मजकूर संपादित करील, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी खर्चाचा हिशेब ठेवील. बहुविद्याशाखीय सहकार्याचा याहून जवळचा पाठ क्वचितच मिळेल.

११. निष्कर्ष

संकेतस्थळाचे तंत्रज्ञान वेगाने बदलते. आजच्या भाषा व प्रणाली काही वर्षांनी मागे पडतील. भूमिका मात्र टिकून राहतात : कोणी तरी प्रयोजन ठरवावे लागते, कोणी तरी मजकूर लिहावा व तपासावा लागतो, कोणी तरी तो उभारावा लागतो आणि कोणी तरी तो जपावा लागतो. मराठी टंकांच्या अनुभवावरून असे दिसते की, तंत्रज्ञानाच्या उणिवेपेक्षा अनिर्णित जबाबदारीने अधिक काळ हानी होते. कारण उणीव दूर झाल्यानंतरही जुना मजकूर कोणी तरी हाती घेतल्याशिवाय सुधारत नाही. विंझरसारख्या ठिकाणच्या संस्थेने संकेतस्थळ उभारताना 'ते कोण तयार करून देईल' यापूर्वी 'त्यातील प्रत्येक काम कोणाचे' हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर लेखी असेल, तर साध्यातील साधे संकेतस्थळही गावाच्या उपयोगी पडेल.